प्लेगच्या साथीतील सावित्रीमाई



सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण दर ३ जानेवारीला ऐकतो. मी आज त्यांच्या शेवटच्या कामाविषयी लिहिते.

त्यांचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. १८४० साली जोतीरावांशी लग्न झाले. लग्नानंतर त्या शिकल्या आणि १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८७७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी लेकरांना जेवू घातले. १८९० साली जोतीराव वारले, तेव्हा टिटवे स्वतः धरले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात पसरला. काखेत, जांघेत गाठ यायची, ताप चढायचा. तो बरा करणारे औषध तेव्हा कुणाजवळच नव्हते. माणसं भिऊन घरं सोडू लागली. यशवंतांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोग्यांना तिथं आणायच्या, त्यांची शुश्रूषा करायच्या. मुंढव्याच्या गायकवाडांचा आजारी मुलगा तर त्यांनी पाठीवर घालून आणला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

कोणी विचारील, औषधच नव्हतं तर दवाखाना कशाला? रोग हटला नाही तरी तहान भागवता येते. अंग पुसता येतं. हात धरून बसता येतं. आता डॉक्टर यालाच उपशामक सेवा म्हणतात. वेदना कमी करायची औषधंही आता आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या लातूर आणि शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात हजारो माणसं गेली. माझी आजी सांगते, एका जखमी म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन ती दुपारपर्यंत बसली होती. म्हातारी वाचली नाही. आजी म्हणते, म्या काय केलं, नुसतं पाणी पाजलं. मला ते नुसतं वाटत नाही.

संकटात जो वाचेल त्याच्याकडे आधी धावावंच लागतं. पण जो वाचणार नाही, तोही शेवटपर्यंत माणूसच असतो. त्याला एकटं टाकू नये, एवढं सावित्रीमाईंकडून आपण शिकू या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी