दुर्बलांचा कैवारी

लंडन शहरातील पिकाडिली या गजबजलेल्या चौकात एक कारंजे आहे. त्याच्या माथ्यावर पंख पसरलेल्या धनुर्धारी मुलाची मूर्ती आहे. तेथून रोज हजारो लोक जातात. पण १८९३ साली हे कारंजे कोणाच्या स्मरणार्थ उभारले, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. ते स्मारक आहे लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचे. ज्यांना आपले दुःख सांगता येत नाही, अशा मुलांच्या आणि असहाय माणसांच्या रक्षणासाठी या पुरुषाने आयुष्याची पन्नासांहून अधिक वर्षे वेचली.

अँथनी अ‍ॅश्ली कूपर हे त्यांचे मूळ नाव. २८ एप्रिल १८०१ रोजी लंडनमध्ये एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरी संपत्तीला तोटा नव्हता. तोटा होता तो मायेचा. आईवडील मुलांशी कठोरपणे वागत. त्या मोठ्या वाड्यात लहानग्या अँथनीला जवळ घेणारी व्यक्ती एकच होती. ती म्हणजे मारिया मिलिस नावाची सेविका. तिने त्याला गोष्टी सांगितल्या, प्रार्थना शिकविली. सातव्या वर्षी अँथनीला शाळेत ठेवण्यात आले. तेथे मारहाण आणि उपासमार यांनी तो अगदी गांजून गेला. पुढे लवकरच मारिया वारली. मरताना तिने आपले घड्याळ त्याला दिले. सरदाराच्या मुलाला सोन्याची घड्याळे काय थोडी मिळाली असती? पण अँथनीने ते घड्याळ जन्मभर वापरले.

पुढे तो हॅरोच्या शाळेत शिकत असताना एके दिवशी रस्त्याने एका गरिबाची प्रेतयात्रा चालली होती. मागे कोणी आप्त नव्हते. शवपेटी वाहणारे चार-पाच जण मद्य पिऊन झिंगलेले होते. अर्वाच्य गाणी गात ते झोकांड्या खात चालले होते. वळणावर पेटी त्यांच्या हातून खाली आदळली, तेव्हा शरमण्याऐवजी त्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. मृत मनुष्य गरीब होता आणि त्याला विचारणारे कोणी नव्हते, म्हणून ही विटंबना! ते दृश्य पाहून अँथनीचे अंतःकरण पिळवटून निघाले. ज्यांना कोणी नाही, त्यांच्यासाठी आपण झटायचे, असा निश्चय त्याने त्याच वेळी केला.

१८२६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, अ‍ॅश्ली पार्लमेंटचे सभासद झाले. लवकरच मनोरुग्णांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या समितीवर त्यांची नेमणूक झाली. त्या काळी अशा रुग्णांच्या वाट्याला उपचारांपेक्षा बेड्याच अधिक येत. लंडनमधील एका खाजगी इस्पितळात रुग्णांना शनिवारी साखळदंडांनी गवताच्या बिछान्याशी जखडीत. सोमवारपर्यंत त्यांच्याकडे कोणी फिरकत नसे. त्यांची तक्रार ऐकणार कोण? वेड्याच्या बोलण्यावर विश्वास तरी कोण ठेवणार? १८२८ साली याविषयी कायदा झाला आणि देखरेखीसाठी एक मंडळ नेमले गेले. १८४५ साली या मंडळाची नव्याने रचना झाली. तीन डॉक्टर व तीन कायदेपंडित पगारावर नेमण्यात आले आणि आणखी पाच सभासद विनावेतन काम करू लागले. इस्पितळ पाहण्यास जाताना एक डॉक्टर व एक कायदेपंडित अशी जोडी जाई. डॉक्टरने रुग्णाची प्रकृती पाहावी आणि त्याला अन्यायाने कोंडले तर नाही ना, हे कायदेपंडिताने पाहावे, हा त्यातील हेतू. अ‍ॅश्ली या मंडळाचे अध्यक्ष होते आणि अखेरपर्यंत ते पद त्यांनी सांभाळले.

याच सुमारास इंग्लंडात वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या सूतगिरण्या वाढत होत्या. त्यांत लहान मुले बारा-बारा, चौदा-चौदा तास राबत. चालत्या यंत्राखाली सरपटत जाऊन ती कापूस वेचीत. डुलकी लागली तर हात जाई. कामाचा दिवस दहा तासांचा असावा, यासाठी १८३३ साली अ‍ॅश्ली यांनी लढा आरंभिला. ही मागणी त्या वेळी फेटाळली गेली. मात्र सरकारने स्वतःचा एक कायदा केला. नऊ वर्षांखालील मुलांना बहुतेक सूतगिरण्यांत घ्यावयाचे नाही आणि तेरा वर्षांखालील मुलांना दिवसाला नऊ तासांहून अधिक काम द्यावयाचे नाही. शिवाय त्यांना रोज दोन तास शाळेत पाठवायचे, असे ठरले.

पण मुलाचे वय ठरवायचे कसे? इंग्लंडात जन्माची सरकारी नोंद १८३७ साली सुरू झाली. तोवर पोटाची खळगी भरण्यासाठी कित्येक आईबापच मुलांचे वय वाढवून सांगत. म्हणून डॉक्टरने मुलाला पाहून वयाचा दाखला द्यावा, शिक्षकाने आठवड्याच्या हजेरीची चिठ्ठी द्यावी आणि सरकारी निरीक्षकाने गिरणीत येऊन ते सारे तपासावे, अशी योजना झाली. या साखळीतील एक कडी निखळली, की मूल पुन्हा यंत्राखाली जाई. आणि सुमारे ३,००० गिरण्यांसाठी मुख्य निरीक्षक होते अवघे चार! तरीही एक मोठी गोष्ट घडली. दाराआड चाललेले हाल पाहण्याचा अधिकार बाहेरच्या माणसाला मिळाला.

१८४० साली अ‍ॅश्ली यांच्या आग्रहावरून एक चौकशी मंडळ नेमले गेले. त्याचे अधिकारी कोळशाच्या खाणींत उतरले. पाच-सहा वर्षांची मुले तेथे काळोखात एकटी बसून हवेची दारे उघडीत व मिटीत. मुली कमरेला साखळी बांधून, रांगत, कोळशाच्या गाड्या ओढीत. १८४२ साली हा अहवाल चित्रांसह प्रसिद्ध होताच सारा देश हादरला. त्याच वर्षी मुलींना, स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलग्यांना खाणीत उतरविण्यास बंदी झाली. दहा तासांचा कायदा १८४७ साली संमत झाला, तेव्हा अ‍ॅश्ली पार्लमेंटात नव्हते. त्यांचे काम जॉन फील्डन या सहकाऱ्याने तडीस नेले.

१८५१ साली वडील वारले आणि अ‍ॅश्ली हे लॉर्ड शाफ्ट्सबरी झाले. गल्लीबोळांतील अनाथ मुलांसाठी चालणाऱ्या मोफत शाळांचा १८४४ साली एक संघ स्थापन झाला होता. त्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. परंतु एक दुःख त्यांच्या मनाला सतत सलत होते. ते होते धुराड्यांत चढणाऱ्या मुलांचे. घराघरांतील अरुंद धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना आत चढवीत. काजळीने ती गुदमरत. त्यांचे कोपर व गुडघे सोलून निघत. एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यात चढवू नये, असा कायदा १८४० सालीच झाला होता. १८६४ साली आणखी एक कायदा झाला. पण ते पाळले जातात की नाही, हे पाहण्याचे काम नेमके कोणाचेच नव्हते. कायदे कागदावर राहिले आणि मुले धुराड्यात चढतच राहिली.

फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजजवळच्या एका इस्पितळाचे धुराडे साफ करताना जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा आत अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले. पण थोड्याच वेळात त्याचे प्राण गेले. ते इस्पितळ मनोरुग्णांचे होते. ज्या इस्पितळांवर शाफ्ट्सबरी यांच्या मंडळाची देखरेख असे, त्यांपैकीच ते एक. तेथील रुग्णांची काळजी घेण्यास देखरेख होती. त्याच छपराखालच्या धुराड्यात चढणाऱ्या मुलाकडे मात्र कोणाचेच लक्ष नव्हते.

शाफ्ट्सबरी यांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. त्यांनी त्याच वर्षी नवा कायदा करून घेतला. धुराडी साफ करण्याचा धंदा करणाऱ्याने दरवर्षी पोलिसांकडून परवाना घ्यावा आणि कायदा मोडणाऱ्यावर पोलिसांनीच खटला भरावा, असे त्यात ठरले. आता ते काम कोणाचे, याविषयी शंका उरली नाही आणि ही क्रूर प्रथा नाहीशी झाली.

त्यांची दृष्टी आपल्या देशापुरतीच नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या मुलांचा प्रश्न त्यांनी पार्लमेंटात मांडला. इकडे मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली त्याच कामासाठी खटपट करीत होते. १८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखाने कायदा झाला आणि सात वर्षांखालील मुलांना मोठ्या कारखान्यांत घेण्यास मनाई झाली.

१८८४ साली मुलांवरील अत्याचार रोखण्यासाठी लंडनमध्ये एक संस्था निघाली. वृद्ध शाफ्ट्सबरी तिचे अध्यक्ष झाले. १ ऑक्टोबर १८८५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी लंडनच्या रस्त्यांवर सरदारांबरोबरच फुले विकणाऱ्या मुली, बूट पुसणारी मुले, कामकरी स्त्री-पुरुष आणि अनेक संस्थांचे प्रतिनिधी दाटीने उभे होते. एका गरिबाची बेवारशी प्रेतयात्रा पाहून ज्याने निश्चय केला, त्याला निरोप देण्यास सारे शहर लोटले होते.

दुर्बलांविषयी कळवळा पुष्कळांना वाटतो. पण त्यांचे रक्षण व्हावयाचे तर डॉक्टर, शिक्षक, निरीक्षक, पोलीस आणि शेजारी या सर्वांनी आपापले काम ओळखून एकमेकांना साथ द्यावी लागते. जे काम सर्वांचे म्हणून सोडून दिले जाते, ते कोणाचेच होत नाही. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या चरित्राचा हाच बोध आहे.