डॉक्टर ग्रेस यांचा उत्तरवयातील खेळ

डॉक्टर विल्यम गिल्बर्ट ग्रेस यांचे नाव आमच्या क्रिकेटप्रिय विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. ब्रिस्टल शहरानजीक 1848 साली जन्मलेल्या या वैद्याने शतकांचे शतक सर्वांआधी, 1895 साली, पुरे केले. ती कथा येथे सांगत नाही. आम्हांस तिच्या पुढची अधिक आवडते.

1899 साली, पन्नाशी उलटल्यावर, ते अखेरचा कसोटी सामना खेळले. देह स्थूल झाला होता. चेंडू अडविण्यास वाकणे जमेना. पुढे लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे क्रिकेट क्लबची व्यवस्था पाहत असता हिरवळीवरील बोल्स या खेळाने त्यांस वेड लावले.

हा खेळ पाहणाऱ्यास गोट्यांसारखा सोपा वाटतो. परंतु यातील गोळा मुद्दाम एका अंगास कललेला घडवितात. वेग मंदावला की तो त्या अंगास वळू लागतो. दूरच्या लहान पांढऱ्या चेंडूवर सरळ नेम धरणारा हटकून फसतो! तेथे बाहूंतील बळापेक्षा हाताचा अंदाज व धीर हवा, आणि ते दोन्ही ग्रेस यांजपाशी शिल्लक होते.

त्यांनी तेथेच बोल्सचा क्लब काढला. 1903 साली इंग्लंडातील क्लबांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. त्याच वर्षी आरंभलेल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत इंग्लंडचे नायकत्वही त्यांजकडे आले व 1908 पर्यंत राहिले. क्रिकेटमधील मोठा सामनाही ते त्याच वर्षी शेवटचा खेळले. 1915 साली ते निवर्तले.