शिशाचा माग काढणारी डॉक्टर : ॲलिस हॅमिल्टन

१९१३ च्या जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्याच अमेरिकेत ४४ वर्षांच्या एक डॉक्टर बाई रंगाच्या आणि शिशाच्या कारखान्यांची दारे ठोठावीत हिंडत होत्या. त्यांचे नाव डॉ. ॲलिस हॅमिल्टन. दोघांना जोडणारा एक बारीकसा धागा आहे. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू असलेले प्रा. जॉन ड्यूई त्याआधी दहा वर्षे शिकागोत होते आणि या बाई जेथे राहत त्या हल हाऊस संस्थेशी त्यांचा घरोबा होता. धागा एवढाच, तो ताणून मोठा करण्याची आम्हास गरज वाटत नाही. हॅमिल्टनबाईंचे चरित्र आंबेडकरी वाचकांनी वाचावे ते दुसऱ्याच कारणासाठी.

कामगार आजारी पडला की दोष कामगाराच्याच माथी मारायचा ही मालकवर्गाची जुनी रीत आहे. हात धूत नाही, दारू पितो, घाणीत राहतो, त्याची जातच तशी! घाणीचे काम ज्याच्यावर लादले त्यालाच घाणेरडा ठरवण्याची ही तऱ्हा आमच्या समाजाला कुणी समजावून सांगायला नको. अमेरिकेत हेच बोल पोलिश, इटालियन, हंगेरियन आणि काळ्या मजुरांना ऐकावे लागत. हॅमिल्टनबाईंनी हा आरोप खोडून काढला, आणि तोही भाषणबाजीने नव्हे, तर कारखान्यातली धूळ तपासून. आज पर्यावरण व व्यवसायजन्य आरोग्य या नावाने जो विषय जगभरच्या विद्यापीठांत पदव्युत्तर पदवीसाठी शिकवला जातो, त्याचा अमेरिकेतील पाया या कामाने घातला गेला. आमच्या वस्त्यांतल्या मुलामुलींनी हा विषय घ्यावा असे आम्हास मनापासून वाटते. म्हणून हे चरित्र.

बाईंचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ चा. घराणे इंडियाना राज्यातील फोर्ट वेन गावचे, खाऊनपिऊन सुखी, मुलींना घरीच शिकवणारे. पुढे वडिलांचा व्यापार बुडाला आणि मुलींना स्वतःच्या पायावर उभे राहणे भाग पडले. थोरली बहीण एडिथ ग्रीक संस्कृतीवरील लेखनाने नावारूपाला आली. ॲलिसने वैद्यक निवडले. १८९३ साली मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली आणि १८९५ मध्ये दोघी बहिणी पुढील अभ्यासासाठी जर्मनीला गेल्या. लाइपझिग आणि म्युनिकच्या विद्यापीठांनी त्यांना वर्गात बसू दिले खरे, पण अट अशी की पुरुष विद्यार्थ्यांच्या नजरेत येता कामा नये! शाळेत वेगळे बसवले जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांच्या आजोबा-पणजोबांनी सोसलेले आहे. त्या अनुभवाची बरोबरी याच्याशी करता येत नाही, कारण या बहिणी वर्ग सुटल्यावर सुखवस्तू गोऱ्या समाजात परत जात. पण ज्ञानाच्या दारात उभे करून ठेवण्याची युक्ती तीच.

१८९७ मध्ये शिकागोतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवण्याची नोकरी लागली आणि बाई जेन ॲडम्स यांच्या हल हाऊसमध्ये राहायला गेल्या. तेथे त्या २२ वर्षे राहिल्या. हल हाऊस म्हणजे स्थलांतरित मजुरांच्या वस्तीत सुशिक्षितांनी बिऱ्हाड करून राहायचे ठिकाण. दुरून सेवा करून संध्याकाळी आपल्या बंगल्यात परतण्याची तेथे सोय नव्हती. बाई तान्ह्या मुलांचा दवाखाना चालवीत, त्यांना आंघोळ घालीत, आणि शेजारच्या घरांतील बाप्ये अकाली खंगताना, लुळे पडताना पाहत.

येथे एक प्रकरण सांगितलेच पाहिजे. १९०२ साली शिकागोत विषमज्वराची साथ आली आणि हल हाऊसच्या आसपासची वस्ती सर्वाधिक पोळली. बाईंनी उघड्या संडासांवरच्या माश्या पकडून तपासल्या, जंतू सापडले, आणि साथ माश्यांमुळे पसरली असा निष्कर्ष छापला. फार वाहवा झाली. आरोग्य खात्याच्या निरीक्षकांवर कारवाईही झाली. नंतर उघड झाले की खरे कारण निराळे होते. नळाच्या पाण्यात मैला मिसळला होता आणि प्रशासनाने ती गोष्ट दडवली होती. गरिबांच्या संडासाकडे बोट दाखवणे सोपे असते, सरकारी नळाकडे दाखवणे अवघड. बाईंनी ही चूक पुढे आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवली. त्यानंतरच्या कामात त्यांनी कोणतीही गोष्ट मुळापर्यंत गेल्याशिवाय मान्य केली नाही, यामागे आम्हास हेच प्रकरण दिसते.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने व्यवसायजन्य रोगांची पाहणी बाईंवर सोपवली. अमेरिकेतील एखाद्या राज्याने केलेली अशी ही पहिलीच पाहणी. बाईंनी शिसे निवडले. शिसे अंगात भिनले की पोटात कळा येतात, हिरड्यांवर निळसर रेघ उमटते, मनगट लुळे पडून हात लोंबू लागतो, आणि शेवटी झटके येतात. पण कोणत्या धंद्यात किती माणसे अशी मरतात याची नोंद कुणाकडेच नव्हती. बाई रुग्णालयांच्या वह्या चाळू लागल्या. औषधविक्रेत्यांना, युनियनवाल्यांना विचारू लागल्या. मुख्य म्हणजे त्या कामगारांच्या घरी जाऊ लागल्या.

एका रुग्णालयात त्यांना शिसेबाधा झालेला एक पोलिश मजूर आढळला. बाथटबवर मुलामा चढवण्याचे त्याचे काम. बाई कारखान्यात गेल्या. व्यवस्थापनाने छातीठोकपणे सांगितले की मुलाम्यात शिसे नाही, आणि एक स्वच्छ दालन दाखवले. बाईंना ते पटलेही असते. पण त्या मजुराच्या घरी गेल्या तेव्हा त्याने सांगितले की तुम्ही पाहिले ते काम शेवटच्या हाताचे, मुलामा चढवायची जागा निराळीच आहे. बाईंनी त्या जागेवरची भुकटी मिळवून तपासून घेतली. तिच्यात विरघळणाऱ्या शिशाचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत निघाले. मालवाहू डब्यांची सीले, शवपेट्यांची सजावट, काचेला झिलई देणे, विड्यांना म्हणजे सिगारांना गुंडाळायचा चमकदार कागद, अशा कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या धंद्यांत शिसे दडलेले सापडत गेले. १९११ साली इलिनॉयने व्यवसायजन्य रोगांचा कायदा केला.

आम्ही वकील असल्याने येथे थोडे थांबतो. व्यवसायजन्य रोगाच्या दाव्यात सगळी लढाई पुराव्याच्या भाराची असते. यंत्रात बोट तुटले तर त्याला दिवस असतो, वेळ असते, साक्षीदार असतो. शिसे हाडांत साठते, दगडाची धूळ फुफ्फुसात साठते, आणि रोग उमटतो तोवर कामगाराने तीन ठेकेदार बदललेले असतात. हजेरीपटावर नाव नसते आणि डॉक्टरच्या कागदावर क्षय लिहिलेला असतो. अशा पक्षकाराची फाइल हातात धरून बसलेल्या वकिलाला विचारा! हॅमिल्टनबाईंनी जे उभे केले ती पुराव्याची साखळी होती : रुग्णालयातील नोंद, ती नोंद ज्याची तो माणूस, त्याचे घर, त्याचे नेमके काम, त्या कामातला पदार्थ आणि त्या पदार्थातले शिसे. यातील एक कडी निसटली तरी मालक सुटला.

१९११ पासून केंद्र सरकारच्या कामगार खात्यासाठी बाईंनी देशभरच्या सफेद्याच्या कारखान्यांची पाहणी केली. पगार नाही, अहवाल पुरा झाला की सरकार तो विकत घेणार, असा व्यवहार. त्याहून विशेष म्हणजे कारखान्यात शिरण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना नव्हता. मालकाने नाही म्हटले की बाहेर! तरी त्या आत गेल्या, बहुतेक वेळा गोड बोलून. नॅशनल लेड कंपनीचे एडवर्ड कॉर्निश आपल्या कामगारांना काही होते हे मानायलाच तयार नव्हते, तेव्हा बाईंनी त्यांच्यापुढे रुग्णालयात दाखल करावी लागलेली २२ प्रकरणे नावानिशी ठेवली. कॉर्निश यांनी शब्द पाळून धूळ आवरण्याची आणि वैद्यकीय तपासणीची व्यवस्था केली. बाईंचा मालकांच्या सदसद्विवेकावर जरा जास्तच विश्वास होता असे आमचे मत आहे. एक कॉर्निश भेटतो तेव्हा दहा भेटत नाहीत. पण त्यांचा शास्त्रीय निष्कर्ष मात्र पक्का ठरला. विष मुख्यतः श्वासातून, धुळीतून आणि वाफेतून जाते. त्यामुळे कामगाराने हात कितीही धुतले तरी हवा मालकानेच स्वच्छ केली पाहिजे. न धुतलेल्या हातांचा आरोप येथे निकालात निघाला.

पहिल्या महायुद्धात त्यांनी दारूगोळ्याचे कारखाने पाहिले. त्यांची यादी गुप्ततेच्या नावाखाली मिळत नसे. मग बाई आकाशात नारिंगी-पिवळा धूर कुठे दिसतो ते पाहत, पिक्रिक ॲसिडने कातडी पिवळी पडलेले मजूर रस्त्यात गाठून पत्ता विचारत. १९१८ मध्ये बेडफोर्डच्या चुनखडीच्या खाणगावात हवेच्या हातोड्याने बोटे बधिर आणि पांढरी पडलेले दगडफोडे त्यांनी तपासले.

आणि मग १९१९ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना औद्योगिक वैद्यकाच्या सहायक प्राध्यापक म्हणून बोलावले. हार्वर्डच्या इतिहासातील त्या पहिल्या महिला प्राध्यापक. कौतुक करण्यापूर्वी अटी ऐका. प्राध्यापकांच्या क्लबात पाऊल टाकायचे नाही, फुटबॉलच्या सामन्यांची तिकिटे मागायची नाहीत, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही. बोलावले कशासाठी, तर या विषयाचा त्यांच्याएवढा जाणकार पुरुष देशात नव्हता म्हणून! बाईंनीही आपली अट घातली : वर्षातला अर्धाच काळ शिकवीन, उरलेला कारखान्यांत हिंडेन. विद्यापीठाच्या चार भिंतींत हा विषय कोरडा पडेल हे त्या जाणून होत्या. १९२५ मध्ये त्यांनी अमेरिकेतील औद्योगिक विषांवर पाठ्यग्रंथ लिहिला. १९३५ साली निवृत्त झाल्या तेव्हाही हुद्दा सहायक प्राध्यापकाचाच होता, १६ वर्षांत एकही बढती नाही. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुलींना विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला तो १९४५ मध्ये, म्हणजे शिकवणारी बाई निवृत्त झाल्यानंतर दहा वर्षांनी.

त्यांची सर्वांत मोठी लढाई मात्र हरली गेली. मोटारीचे इंजिन ठोकू नये म्हणून पेट्रोलमध्ये टेट्राएथिल शिसे घालण्याची युक्ती जनरल मोटर्सने काढली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील स्टँडर्ड ऑइलच्या बेवे कारखान्यात हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. कारखान्यातली धूळ एकवेळ आवरता येईल, पण देशभरच्या रस्त्यांवर उडणारे शिसे कोण आवरणार, तेव्हा दुसरा पर्याय शोधा, अशी बाजू हॅमिल्टनबाईंनी मांडली. कामगाराच्या रोगापासून सबंध समाजाच्या हवेपर्यंतचा पूल असा बांधला गेला. सरकारी समितीने काही महिन्यांच्या तपासानंतर १९२६ मध्ये बंदीला आधार नाही असे सांगितले आणि विक्री पुन्हा सुरू झाली.

आमच्याकडील १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, पहिला क्रमांक शिसेबाधेला दिला होता आणि दुसरा टेट्राएथिल शिशाच्या बाधेला. पुढे नायट्रस धूर, कार्बन डायसल्फाइड, बेंझिन. या प्रत्येक विषावर हॅमिल्टनबाईंनी काम केलेले आहे. कृत्रिम रेशमाच्या कारखान्यांत कार्बन डायसल्फाइडने वेडे होणारे कामगार त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर, निवृत्तीनंतर तपासले.

२२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, कनेक्टिकट राज्यातील हॅडलाइम येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला अमेरिकेच्या व्यवसाय-सुरक्षा व आरोग्य कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. ज्या तपासणीसाठी बाईंना दारात अजिजी करावी लागे, ती आता सरकारी निरीक्षकाचा अधिकार बनली. पेट्रोलमधले शिसे मात्र त्यांच्या मागेही टिकून राहिले. अमेरिकेने ते रस्त्यावरच्या वाहनांसाठी १९९६ मध्ये पुरते बंद केले, भारताने २००० मध्ये, आणि अल्जीरियातील पंपांवरचा शेवटचा साठा संपला तेव्हा २०२१ साल उजाडले होते.