आधी माणसे, मग मालमोटारी : कै. सुमंत मुळगावकर

आमच्या मारुंजी गावाहून पवना नदी ओलांडून पलीकडे गेले म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची अफाट वसाहत लागते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे वडील, चुलते वा मामा त्या कारखान्यांत राबतात. कित्येकांच्या घरची मंडळी शेजारच्या हिंजवडीतील संगणक-कचेऱ्यांत जातात. सायंकाळी ही मंडळी घरी परतली की त्यांच्या बोलण्यात एक तक्रार आणि एक कौतुक हटकून ऐकू येते. तक्रार अशी की, वरचा साहेब काम सांगतो, पण शिकवीत नाही. कौतुक असे की, अमुक साहेबांनी हाताला धरून शिकविले, म्हणून आज चार घास सन्मानाचे खातो. वरिष्ठाने हाताखालच्या माणसास केवळ राबवावे की घडवावे, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकापुढे आज ना उद्या उभा राहणार आहे. ज्या थोर पुरुषाने आमच्या ह्याच परिसरात ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कृतीने दिले, त्यांचे चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

सुमंत मुळगावकर यांचा जन्म ५ मार्च १९०६ रोजी मुंबई येथे झाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात यंत्रविद्येचे शिक्षण घेऊन ते स्वदेशी परतले आणि सिमेंटच्या धंद्यात शिरले. त्या काळी आपल्या देशात कारखाना काढणे म्हणजे विलायतेहून यंत्रे मागविणे व ती मांडण्यास विलायतेचाच माणूस बोलाविणे, असा प्रघात होता. दुसरे महायुद्ध पेटले, समुद्रमार्ग धोक्याचे झाले व परदेशी यंत्रे मिळेनाशी झाली. अशा अडचणीच्या समयी सिमेंटची यंत्रसामग्री येथल्याच माणसांकडून तयार करविण्याचे काम मुळगावकरांनी अंगावर घेतले. आपल्या लोकांच्या हातांत कसब नाही, ही समजूत खोटी आहे. त्या हातांना शिकविणारा कोणी नाही, एवढीच काय ती उणीव आहे, हा जो विचार त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसतो, त्याचे मूळ आम्हांस ह्या अनुभवात आढळते.

जे. आर. डी. टाटा यांची नजर ह्या तरुण यंत्रज्ञावर पडली आणि १९४९ साली मुळगावकर टेल्को कंपनीत आले. ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली होती व जमशेदपूर येथे ती आगगाडीची इंजिने बांधीत असे. १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीशी करार झाला आणि सहा महिन्यांच्या आत पहिली मालमोटार कारखान्याबाहेर पडली. करार पंधरा वर्षांचा होता. एवढ्या अवधीत दुसऱ्याची विद्या आपली करून घ्यावयाची, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या दारी उभे राहावयाचे, असा तो पेच होता. १९६९ साली करार संपला, गाड्यांवरील जर्मन तारा उतरला आणि तेथे टाटांचे अक्षर आले. गाड्यांचे उत्पादन मात्र अडले नाही, कारण त्या पंधरा वर्षांत कारखान्यात गाड्यांबरोबर माणसेही तयार झाली होती.

आता आम्ही ह्या चरित्रातील आमच्या परिसराशी निगडित अशा भागाकडे वळतो. १९६० नंतरच्या दशकात कंपनीने पुण्याजवळ दुसरा कारखाना काढण्याचे ठरविले व त्यासाठी पिंपरी-चिंचवडचे माळरान पसंत केले. कोणीही व्यवहारी मनुष्य असता तर त्याने प्रथम छपरे उभारून, यंत्रे आणून, शक्य तितक्या लवकर गाड्या बाजारात पाठविल्या असत्या. कारण गुंतविलेल्या पैशावर व्याज चढत असते आणि भागीदार नफ्याची वाट पाहत असतात. मुळगावकरांनी हा क्रम उलटा केला. १९६६ साली पुण्यास कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले. उमेदवारांना कसब शिकविण्याची सोय झाली. मोटारीचे पत्रे दाबून आकार देणारे साचे आणि सुटे भाग कापणारी यंत्रे स्वतःच तयार करण्याचे काम हाती घेतले गेले. पुण्याच्या कारखान्यातून पहिली मालमोटार निघाली ती १९७७ साली! म्हणजे संशोधन केंद्र निघाल्यापासून अकरा वर्षे लोटली होती. ह्या काळात त्या माळरानावर मुख्यतः माणसांचे पीक वाढत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

यंत्रे विकत मिळत असता ती घरी कशाला करावयाची, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर कोणत्याही कारागिरास ठाऊक आहे. यंत्रशाळेत नव्या उमेदवाराच्या हाती प्रथम कानस देतात. लोखंडाचा ठोकळा घासून घासून तो गुण्याला लावावयाचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासावयाचे. कित्येक दिवस हेच चालते. बाहेरच्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु ह्याच कामात त्याच्या बोटांना सपाटपणा कळू लागतो व डोळ्याला केसाएवढा फरक दिसू लागतो. जी गोष्ट उमेदवाराची, तीच इंजिनिअराची. ज्याने साचा स्वतः आखला, कापला आणि बिघडला तेव्हा दुरुस्त केला, त्याला पुढे नवी गाडी आखण्याची भीती वाटत नाही. विकतच्या यंत्रावर काम करणारा ते यंत्र चालवावयास शिकतो. यंत्र घडविणारा विचार करावयास शिकतो.

परिसर हाही शिक्षकच असतो, हे मुळगावकरांनी ओळखले होते. पिंपरीच्या उघड्या माळावर त्यांनी हजारो झाडे लावविली व पाण्याचे तळे करविले. पुढे तेथे पक्षीही वस्तीस आले. ज्या आवारात पानाफुलांची निगा राखिली जाते, तेथे वाकडा खिळा ठोकताना मनुष्याला आपोआप संकोच वाटतो. त्यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दुपारच्या जेवणाच्या वेळी ते मोठ्या लोकांची पंगत सोडून रस्त्यावरच्या धाब्यावर जात व तेथे मालमोटारीच्या चालकांजवळ बसून गाडीत काय खुपते ते विचारून घेत. ही गोष्ट अक्षरशः घडली असो वा लोकांनी वाढविलेली असो, ती इतकी वर्षे टिकली यावरून त्यांच्या माणसांनी त्यांना कसे ओळखले होते, हे उघड दिसते. जो स्वतः शिकावयास जातो, त्याच्याकडून इतरांना शिकावेसे वाटते.

ह्या शिकवणीची खरी परीक्षा १९८० नंतरच्या दशकात झाली. हलक्या मालमोटारी बनविण्यासाठी देशातील अनेक कंपन्यांनी जपानी कारखान्यांचे साह्य घेतले. टोयोटा, निसान, मित्सुबिशी व माझदा ही नावे आपल्या रस्त्यांवर आली. मुळगावकर त्या वेळी टेल्कोचे अध्यक्ष होते. परक्या नावाचा आधार घ्यावा, की वीस वर्षे शिकवून तयार केलेल्या आपल्या माणसांवर भिस्त ठेवावी? कंपनीने आपल्या माणसांवर भिस्त ठेविली. १९८६ साली ४०७ ही गाडी बाहेर पडली. तिची आखणी येथल्याच इंजिनिअरांनी केली होती. जपानी नावे मिरविणाऱ्या गाड्यांपुढे ती नुसती टिकलीच नाही, तर बाजारात अग्रेसर ठरली. ही गाडी ठाऊक नाही असा मनुष्य आजही मुळशी-मावळात सापडणे कठीण. शिकविणे सोपे, पण शिकविलेल्यावर विसंबणे अवघड; ते ज्याला साधते, त्याचेच शिकविणे फळास येते.

थोरांचे चरित्र सांगताना केवळ गुणगान करणे आम्हांस योग्य वाटत नाही. १९७४ साली कंपनीच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. बंगळूरच्या संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेल्या सुधा मूर्ती, यांनी एक साधे पोस्टकार्ड जे. आर. डी. टाटा यांस लिहून ह्या अन्यायास हरकत घेतली. त्यांना मुलाखतीस बोलावणे आले व कारखान्याचे दार स्त्री-इंजिनिअरांस उघडले. शिक्षणाची एवढी कळकळ असलेल्या कंपनीसही आपली अर्धी शाळा रिकामी आहे, हे एका विद्यार्थिनीने दाखवावे लागले. तशीच दुसरी गोष्ट. १ जुलै १९८९ रोजी मुळगावकर निवर्तले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पिंपरीच्या कारखान्यातील तंटा विकोपास जाऊन कामगार पुण्यास शनिवारवाड्यापाशी उपोषणास बसले. कसब शिकविले म्हणजे सारे झाले असे नाही. शिकलेल्याचे गाऱ्हाणे ऐकणे हेही वरिष्ठाच्या कर्तव्यात मोडते आणि ते कर्तव्य दर पिढीस नव्याने पार पाडावे लागते.

मुळगावकरांस मरणोत्तर पद्मभूषण हा किताब मिळाला. त्यांच्या आडनावाची व नावाची आद्याक्षरे जुळवून १९९४ साली एका गाडीस सुमो असे नाव देण्यात आले. पुष्कळांना हे नाव जपानी मल्लांचे वाटते, म्हणून हा खुलासा. परंतु त्यांचे खरे स्मारक गाडीत नाही. कारखान्यात शिकून बाहेर पडलेला कारागीर भोसरीत वा चाकणला एखाद्या लहानशा शाळेत दोन पोरांच्या हाती कानस देतो आणि ठोकळा गुण्याला लागेपर्यंत त्यांना उठू देत नाही, तेथे ते स्मारक आहे.

आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपैकी कोणी उद्या मुकादम होतील, कोणी व्यवस्थापक, कोणी शिक्षक. तुमच्या हाताखाली पहिला नवखा येईल, तेव्हा त्याचे काम स्वतः झटपट उरकून टाकण्याचा मोह होईल, कारण शिकविण्यापेक्षा करून टाकणे नेहमीच लवकर होते. त्या वेळी पवनेकाठच्या माळावरील ती अकरा वर्षे आठवावी आणि कानस त्याच्या हाती द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.