गोदावरीकाठच्या गावागावात एका इंग्रज इंजिनिअरचे पुतळे का आहेत?

गोदावरी म्हटलं की आपल्याला आठवतं त्र्यंबकेश्वर, नाशिकचा रामकुंड, पैठण, नांदेड. पण नदी आपल्याकडून निघून 1465 किलोमीटरचा प्रवास करते आणि आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीच्या पुढे समुद्राला मिळते. तिथल्या गावांमधून फिरलात तर चौकाचौकात एक पुतळा दिसेल. कधी नुसता अर्धपुतळा, तर कधी घोड्यावर बसलेला साहेब. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार असतो.

हा साहेब म्हणजे सर आर्थर कॉटन. लोक त्याला भगीरथ म्हणतात. त्या भागातले काही पुरोहित नदीवर संकल्प सोडताना त्याचंही नाव घेतात, असं सांगितलं जातं. आणि गंमत म्हणजे हा माणूस कट्टर ख्रिश्चन होता. गोदावरीच्या मुलखात आलेल्या मिशनऱ्यांचा तो उघड पाठीराखा होता.

मग हे जमलं कसं?

कॉटनचा जन्म 15 मे 1803 चा. आईबापांचा हा दहावा मुलगा. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी शाळेत शिकून तो 1821 मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षी, मद्रासला आला. मधल्या काळात ब्रह्मदेशच्या लढाईत जाऊन आला. तिशीच्या आत त्याला धर्माची ओढ लागली. ती पुढची सत्तर वर्षं टिकली.

त्याचा पहिला गुरू मात्र कुणी इंग्रज नव्हता. कावेरीवर चोळ राजा करिकालानं बांधलेला समजला जाणारा जुना बंधारा आहे, कल्लणै. नदीच्या तळाशी खडक नाही, नुसती वाळू, तरी हा बंधारा शतकानुशतकं उभा कसा? कॉटननं तो बारकाईनं पाहिला. वाळूत पाया कसा धरायचा, हे त्या जुन्या गवंड्यांकडून शिकला आणि 1836 मध्ये कावेरीच्या फाट्यावर स्वतःचा बंधारा घालायला घेतला. तो टिकला.

अंगात ताप मुरलेला, तब्येत ढासळलेली. रजा घेऊन तो टास्मानियाला गेला आणि तिथे 1841 मध्ये एलिझाबेथ लर्मंथशी लग्न झालं. वय 38. पुढच्याच वर्षी मुलगी झाली, तिचंही नाव एलिझाबेथ. ही मुलगी लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

परतल्यावर गोदावरीचं काम समोर आलं. राजमहेंद्री जिल्ह्याची अवस्था वाईट होती. 1832-33 चा दुष्काळ, 1839 चं चक्रीवादळ. 1821 साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 7 लाख 38 हजार होती. 1841 मध्ये उरली 5 लाख 61 हजार. आणि हे सगळं भरल्या नदीच्या काठावर. पाणी डोळ्यांसमोरून समुद्रात जात होतं आणि माणसं उपाशी मरत होती. कॉटनच्या लेखी हा निसर्गाचा कोप नव्हता, राज्यकर्त्यांचं पाप होतं. त्याचा देवधर्म इथे कामाला लागला.

धवळेश्वरमला 1847 मध्ये काम सुरू झालं. हे धरण नव्हे. आपल्याकडे धुळे-नाशिकच्या फड पद्धतीतले बंधारे असतात ना, तत्त्व तेच. नदीत आडवी बुटकी भिंत, उंची साधारण 12 फूट. पूर आला की पाणी वरून निघून जातं. एरवी पातळी उचलली जाते आणि पाणी कालव्यांत वळतं. फरक आकाराचा. इथे नदी काही किलोमीटर रुंद, मध्ये बेटं. म्हणून भिंत चार तुकड्यांत बांधली. मध्येच कॉटन आजारी पडला, काम कॅप्टन ऑर यांच्यावर सोपवावं लागलं. 1852 मध्ये बंधारा पुरा झाला. लाखो एकर जमीन भिजली आणि उपासमारीचा मुलूख भाताचं कोठार झाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कॉटन इंग्रज सत्तेच्या विरोधात नव्हता. पाणी दिलं तर शेतसारा वाढतो, हा हिशोब तो सरकारला स्वतःच मांडून दाखवायचा. त्याचे सगळे अंदाज बरोबरही ठरले नाहीत. तुंगभद्रेच्या पाण्यावरचा कर्नूल-कडप्पा कालवा कंपनीला तोट्यात घेऊन गेला.

1860 मध्ये तो इंग्लंडला परतला, पुढच्या वर्षी सर झाला. पण गप्प बसला नाही. रेल्वेवर पैसा ओतण्यापेक्षा कालवे खणा, त्यातून बोटीही चालवा, हा त्याचा हट्ट. 1876-78 चा भीषण दुष्काळ मद्रासपासून आपल्या सोलापूर-नगरपर्यंत पसरला, तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेला हा म्हातारा लंडनमध्ये भांडत होता. 1878 मध्ये पार्लमेंटच्या समितीनं विषय तपासला आणि त्याच्या मोठ्या योजना बाजूला ठेवल्या.

मग तो डॉर्किंग गावात कुटुंबात रमला. मुलगी तिथे दारू सोडवण्यासाठी मजुरांची कॉफीची खोली चालवायची. त्यावर तिनं 1876 मध्ये पुस्तक लिहिलं, प्रस्तावना बापाची. उतारवयात जमीन खोल खणून गहू जास्त येतो का, याचे प्रयोग तो करत राहिला. 24 जुलै 1899 ला गेला, तेव्हा वय 96.

पुढच्याच वर्षी मुलीनं त्याचं चरित्र काढलं. ती तोवर लेडी होप झाली होती. हीच ती बाई, जिनं पुढे 1915 मध्ये डार्विन शेवटी धर्माकडे वळल्याची गोष्ट सांगितली आणि डार्विनच्या मुलांनी ती साफ नाकारली. त्यामुळे घरातला कॉटन तिच्या शब्दांत वाचताना थोडं सांभाळून वाचावं.

बंधाऱ्याचं मात्र तसं नाही. जुनी भिंत शंभरहून जास्त वर्षं चालली. आता तिथे नवं बॅरेज आहे. त्याला नाव कॉटनचंच दिलंय. दरवर्षी 15 मे ला डेल्टातले शेतकरी त्याच्या पुतळ्यांना हार घालतात.