निर्मलजितसिंग सेखों

मी आज फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांची माहिती सांगणार आहे. पंजाबातील लुधियाना जिल्ह्यातलं इसेवाल हे त्यांचं गाव. वडील हवाईदलातच होते. १९६७ साली सेखोंही हवाईदलात अधिकारी झाले.

ते नॅट नावाचं लढाऊ जेट विमान चालवत. नॅट म्हणजे चिलट! पंखांची रुंदी ७ मीटरसुद्धा नाही. हातातला दांडा मागे ओढला की नाक वर, बाजूला नेला की विमान त्या कुशीवर कलतं. दोन्ही एकदम केलं की वळतं. नॅट फार चटकन वळायचं. पण जोरात वळताना वैमानिकाचं वजन कितीतरी पट वाढतं, मानसुद्धा उचलवत नाही. शिवाय वेग कमी होतो. मला आधी वाटायचं, वैमानिक नुसता बसून असतो.

१४ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानची ६ सेबर विमानं श्रीनगरच्या विमानतळावर आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत होते, तरी सेखोंनी उड्डाण केलं. जोडीचं विमान दिसेनासं झालं. मग ते एकटेच सेबरांच्या मागे लागले. झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर वळणामागून वळण! दोन सेबरांवर त्यांनी मारा केला. शेवटी त्यांच्याच विमानाला गोळ्या लागल्या आणि ते ताब्यात राहीना. त्यांनी बाहेर उडी घ्यायचा प्रयत्न केला, पण तो यशस्वी झाला नाही.

त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. हवाईदलात ते मिळालेले सेखों एकटेच. विमानाचे तुकडे दरीत सापडले. त्यांचा देह मात्र खूप शोधूनही सापडला नाही.