कलामहर्षींचा कॅमेरा

प्रत्येक घरात एखादा तरी मुलगा असा असतो, की बंद पडलेले घड्याळ हाती लागले की ते उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. चक्रे सुटी होतात, स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते आणि वडीलधाऱ्यांची बोलणी खावी लागतात. पुढे हाच मुलगा रेडिओ उघडतो, टेपरेकॉर्डर उघडतो आणि चार पैसे जमले तर कॅमेऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो. बहुतेकांचा हा नाद नोकरी लागली की सुटतो. कोल्हापुरातल्या दोन भावांचा तो सुटला नाही. काम अर्धे असतानाच त्यांतल्या एकाला मृत्यूने गाठले. दुसऱ्याने ते अर्धे काम पुरे केले. त्या दुसऱ्याचे नाव बाबूराव पेंटर.

मूळ आडनाव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० रोजी, कोल्हापूरला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. लाकूड, लोखंड, रंग, मूर्ती, ज्याला हात लावतील त्याला आकार येई. शाळेचे शिक्षण बाबूरावांच्या वाट्याला फारसे आले नाही. चित्रकलेच्या कोणत्याही विद्यालयाची पायरी ते चढले नाहीत. वडिलांचे हात पाहत शिकले आणि नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर काम करीत वाढले. परीक्षेच्या गुणांवर माणसाची किंमत ठरवणाऱ्या आपल्यासारख्यांनी येथे क्षणभर थांबायला हरकत नाही. पण तो विषय वेगळा.

तो काळ संगीत नाटकांचा होता. नाटक कंपनीची प्रतिष्ठा गायक नटांवर जेवढी, तेवढीच तिच्या पडद्यांवर अवलंबून असे. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, देऊळ, सारे कापडावर रंगवलेले. पण पडदा उलगडला की प्रेक्षकांना खोली दिसली पाहिजे, खांबामागची सावली खरी वाटली पाहिजे. या कामात आनंदराव आणि बाबूराव यांनी असे नाव कमावले, की १९१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत पश्चिम भारतातल्या मोठमोठ्या नाटक मंडळ्या त्यांचे पडदे वापरू लागल्या. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शसाठीही त्यांनी काम केले. ‘पेंटर’ हा त्यांचा धंदा. लोकांनी त्याचे आडनाव करून टाकले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. हे दोघे भाऊ तो पाहून झपाटले. इतर लोक हरिश्चंद्राची गोष्ट पाहत होते. यांच्या डोक्यात मात्र, रंगवलेला पडदा हलत नाही आणि हा पांढरा पडदा हलतो, तो कसा, हा प्रश्न घोळत राहिला. फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन आले होते. या भावांजवळ विलायतेला जाण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक वापरलेला प्रोजेक्टर उचलला. त्यावर खेळ दाखवून चरितार्थ चालवायचा आणि रिकाम्या वेळात तेच यंत्र समजून घ्यायचे, असा बेत.

या बेतामागे पक्के शहाणपण होते. चित्रपटाचा प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही दोन यंत्रे भाऊभाऊच म्हणायची. ल्युमिए बंधूंचे जे यंत्र ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात प्रथम चालले, त्या जातीच्या एकाच पेटीतून चित्रण होई आणि प्रक्षेपणही होई. दोन्हींचे मर्म एकच: फिल्म सलग सरकता कामा नये. एक चौकट भिंगासमोर आली की तिने क्षणभर स्तब्ध उभे राहायचे, मग झडप पडायची, अंधारात नखासारखा एक तुकडा कडेच्या भोकांत शिरून फिल्म बरोबर एका चौकटीने खाली ओढणार, आणि पुन्हा स्तब्धता. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडे. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी. म्हणजे सेकंदाला दोन फेरे, तेही एका लयीत. हात घाईला आला तर पडद्यावरची माणसे रेंगाळू लागणार, हात मंदावला तर ती धावत सुटणार.

प्रोजेक्टरमध्ये थोडी ढिलाई खपते, चित्र किंचित थरथरते इतकेच. कॅमेऱ्यात मात्र केसभर चूक झाली तर ती फिल्मवर कायमची उमटते, आणि पेटीला सुईएवढी फट राहिली तर सगळे चित्रणच उजेडाने खाल्ले जाते. हे काम जमण्यासाठी डोळा चित्रकाराचा हवा आणि हात लोहाराचा. मेस्त्रींच्या घरात दोन्ही होते.

आनंदराव त्या जुळणीत गढलेले असतानाच १९१६ साली वारले. यंत्र अपुरे होते. बाबूरावांचे तेव्हा वय सव्वीस. भाऊ गेला, भागीदार गेला आणि ज्याच्या डोक्यात यंत्राचा निम्मा आराखडा होता तो माणूसही गेला. पडद्यांचा चालता धंदा हाताशी होता. कॅमेऱ्याचे सुटे भाग पोत्यात बांधून माळ्यावर टाकले असते तरी कोणी दोष दिला नसता. बाबूरावांनी ते काम पुन्हा हाती घेतले. सोबतीला विष्णुपंत दामले हा शिष्य. दामल्यांचा हात रंगात होता, पण जीव यंत्रात. या गुरुशिष्यांनी मिळून १९१८ साली चालता कॅमेरा उभा केला.

कच्ची फिल्म परदेशातूनच यायची. ती आपल्याकडे तयार व्हायला पुढे कित्येक दशके लागली. तेव्हा सर्व काही स्वदेशी होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण विलायतेहून घडवून आलेल्या यंत्रावर न विसंबता, कोल्हापुरात बसून, छापील विद्येशिवाय हे यंत्र घडले, एवढी गोष्ट पुरेशी मोठी आहे.

यंत्र झाले, पैसा नव्हता. बाबूरावांच्या कलेच्या चाहत्या तानीबाई कागलकर यांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि त्या आधारावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पुरुषांच्या चरित्रांत अशा बायकांना एक ओळ मिळते. मलाही त्यांच्याविषयी याहून अधिक लिहिता येत नाही, याची खंत वाटते.

कंपनीचा ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती, ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. कीचकवधाचा प्रसंग इतका जिवंत उतरला, की सेन्सॉरने तो कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लोकमान्य गेले.

ज्या माणसाने रंगवलेल्या पडद्यांवर नाव कमावले, त्यानेच चित्रपटातून रंगवलेला पडदा हद्दपार केला, ही मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत नवलाची गोष्ट वाटते. कॅमेऱ्याला कापड फसवू शकत नाही, हे त्यांनी ओळखले. मग भिंती, खांब, दारे असलेली खरी घरे उभी राहू लागली. चित्रणापूर्वी ते पात्रांची, वेशभूषेची रेखाटने स्वतः काढीत. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, त्यात शिवाजी महाराजांची भूमिकाही त्यांचीच. चित्रपटाची माहितीपुस्तिका छापून वाटण्याची कल्पना त्यांची आणि पोस्टरेही त्यांच्याच कुंचल्याची. ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे पोस्टर आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकी एक मानले जाते.

१९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो, एवढीच गोष्ट. शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम हा तरुण होता. देवादिकांच्या चमत्कारांना सोकावलेल्या प्रेक्षकांना अंधारी झोपडी आणि कर्जाचे कागद रुचले नाहीत. चित्रपट चालला नाही. आपल्या नगर जिल्ह्यातल्या वाचकाला ही कथा परकी वाटू नये. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याला तेव्हा अवघी पन्नास वर्षे झाली होती. बाबूरावांना हा विषय सोडवेना. १९३६ मध्ये त्यांनी तो पुन्हा, बोलपट म्हणून, केला.

त्याआधी बरेच काही घडले होते. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम ही हाताखाली तयार झालेली माणसे बाहेर पडली आणि १ जून रोजी कोल्हापुरातच त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा कणाच निघून गेला. दोन वर्षांनी, मार्च १९३१ मध्ये, ‘आलम आरा’ आला आणि चित्र बोलू लागले.

बाबूरावांना त्याचा आनंद झाला नाही. इतक्या कष्टाने घडवलेली चित्राची भाषा आता बडबडीखाली दबून जाईल, असे त्यांचे मत होते. ते सर्वस्वी खरे ठरले नाही, पण अगदी खोटेही म्हणवत नाही. सुरुवातीच्या बोलपटांत माणसे मायक्रोफोनजवळ खिळल्यासारखी उभी राहून गातात, हे कोणीही पाहावे. आणखी एक गोष्ट होती. बोलपटाला सेकंदाला चोवीस चौकटी लागतात, त्याही काटेकोर, कारण वेग बदलला की आवाज बदलतो. म्हणजे हँडल जाऊन मोटार आली. शिवाय कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्याला बंद पेटीत कोंडावे लागे. हाताच्या लयीवर चालणाऱ्या ज्या यंत्रासाठी दोघा भावांनी ऐन उमेदीची वर्षे घातली, त्याचे दिवस संपले. १९३१ मध्येच महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद झाली.

आणि प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाचे नवे शास्त्र कोणी आत्मसात केले? विष्णुपंत दामल्यांनी. ज्यांच्या मदतीने बाबूरावांनी कॅमेरा जुळवला, त्याच दामल्यांनी. पुढे दामले-फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. गुरूने नाकारलेल्या यंत्रावर शिष्याचे नाव झाले.

बाबूरावांनी नंतर शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ (१९३५) आणि आणखी काही बोलपट केले, पण त्यांचे मन कुंचल्याकडे आणि शिल्पाकडे परतले होते. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूरला त्यांचे निधन झाले. त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. ती फिल्म ज्वालाग्राही आणि अल्पायुषी होती. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे, आणि तो उघडून पाहायची सोय मात्र त्याच्या कारखानदाराने ठेवलेली नाही. कोल्हापुरात खरी कॉर्नरला, जेथे महाराष्ट्र फिल्म कंपनी होती त्या परिसरात, एक स्तंभ उभा आहे. त्यावर कोणाचा पुतळा नाही. कॅमेरा आहे.